राणीचे पाय

शाळेच्या चित्रप्रदर्शनात माझं चारकोलचं चित्र लागलं. नाटकातली जुनी नऊवारी, नथ, साज असं सगळं मम्मीला घालून तिला समोर बसवलं आणि काढली तिची झक्कास राणी! पण आमची राजूरची माणसं म्हणजे ना! येणारा प्रत्येक जण चित्राच्या पायांना हात लावून तोच काळा हात कपाळाला लावतोय. परीक्षक यायच्या आतच निम्मे पाय पुसले गेले.

"अहो आजोबा, हात नका ना लावू!"

"आसं कसं पोरी? राणीसाहेब हायेत."

मम्मी शेजारीच उभी राहून गालात हसतेय.

"मम्मी, अगं अडव ना त्यांना! माझं बक्षीस जाईल!"

"आडवते गं. तुझ्या पप्पांना तेवढं येऊन जाऊ दे."