आहे, नाही, माहीत नाही
दोघा भावांच्याच वर्कशॉपमध्ये थोरल्याची बोटं व्हाइसच्या लोखंडी जबड्यात घालून जमावाच्या पुढाऱ्याने आवळली. बाहेर त्याची माणसं काचा फोडत होती. "देव आहे म्हण!" "नाही." आणखी एक पीळ. हाड कडकन मोडलं. थोरला गुरासारखा ओरडला, पण शब्द बदलला नाही. पुढारी कोपऱ्यात थिजलेल्या धाकट्याकडे वळला, "तू बोल! आहे की नाही?" "मला माहीत नाही." याच उत्तरावरून थोरला त्याला रोज जेवताना घाबरट म्हणायचा. धाकट्याने हातोडा उचलला, दांडा सैल नाही ना, हे सवयीने हलवून पाहिलं आणि पुढाऱ्याच्या टाळक्यावर उगारला. "हा बसला तर देव तुला वाचवेल की नाही, तेही मला माहीत नाही. करून बघायचं?" "मला माहीत आहे," थोरला कण्हत हसला, "नाही वाचवणार." पुढाऱ्याने व्हाइस सोडला आणि दोन्ही हातांनी स्वतःचं डोकं झाकलं.