नाक धरून वीस मिनिटं

दमयंतीबाईंच्या नाकातलं रक्त थांबेना; मांडीवरचा टॉवेल लाल झाला. हृदयासाठी त्यांच्या रक्तात सोडलेली सूक्ष्म यंत्रं प्रत्येक गुठळी विरघळवत होती आणि ती यंत्रं थांबवण्याचा आदेश नियंत्रण केंद्राकडून यायला वीस मिनिटं लागणार होती. नर्स हेमांगी संगणकाच्या पडद्यासमोर येरझारा घालत होती. हाताने रक्त थांबवायला तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

“मी तीस वर्षं नर्स होते गं,” पुढे वाकत बाई म्हणाल्या. “आता माझी बोटं थरथरतात. तू नाकाचा मऊ भाग चिमटीत धर, आणि मधेच उघडून बघू नकोस.”

हेमांगीने नाक दाबून धरलं. तिच्या बोटांना मुंग्या आल्या, पण धार थांबली. अखेर आदेश आला, रक्त गोठलं, तरी तिचा हात निघेना.

“सोड आता,” बाई हसल्या. “नाक माझं आहे.”