गिरकीचा धडा

“हे कोणाला खरं वाटणार नाही,” श्रीधर सर म्हणाले, “पण तुमच्या लेकीला मी यमाच्या दारातून ओढून आणलंय, नीरजाताई.”

विश्रांतवाडीतला तिसरा मजला, त्यात लिफ्ट बंद. जिना चढून आल्यावर सर ‘गरगरतंय’ म्हणत बराच वेळ भिंतीला हात टेकून, डोळे मिटून उभे होते. वय झालं, असं मनात म्हणत नीरजाताईंनी चहा टाकला होता.

पायाला प्लास्टर घातलेली अपूर्वा पलंगावर टेकून बसली होती. शिकवणीचं विमान पडलं त्या सकाळचं काही आठवत नाही, असं ती सगळ्यांना सांगत होती. गावकरी उसाच्या शेतात पोचले, तेव्हा सर तिला मांडीवर घेऊन बसलेले दिसले. सरांना साधं खरचटलंही नव्हतं. तेव्हापासून या घरात त्यांना देवमाणूस म्हणत.

उद्या चौकशीचे अधिकारी घरी येणार होते. अपूर्वानं पुन्हा विमान चालवायचं की नाही, ते त्यांच्या हातात होतं.

“माझी पद्धत सगळ्यांना ठाऊक आहे,” सर बशीत चहा ओतत म्हणाले. “गिरकी द्यायची ती बेसावध असताना. ‘ती बघ, कुणाची म्हैस उसात शिरली,’ म्हणायचं. पोरगं खाली वाकतं, तेवढ्यात विमान भोवऱ्यासारखं फिरवून सोडायचं. संकट काय पत्रिका छापून येतं?”

“आणि हिनं म्हैस बघितली,” नीरजाताई म्हणाल्या.

“बघितली आणि गोठली. विमानाचा दांडा, ती स्टिक, पोटाशी आवळून बसली. स्टिक पुढे ढकल, उलट्या बाजूचा पाय दाब, मी ओरडतोय. पण हिचे डोळे पांढरे, ओठ निळे. जमीन अशी अंगावर येत होती, की उसाची पेरं मोजून घ्यावीत. शेवटी माझ्याकडची स्टिक मी सगळ्या ताकदीनं रेटली, म्हणून आपटण्यावर निभावलं.”

नीरजाताईंनी डोळे पुसले.

“उद्या एवढंच सांग, बाळ,” सरांचा आवाज खाली आला. “घाबरले, सरांचं ऐकलं नाही. लायसन्स जाईल, जीव तर राहिला. तुला काही आठवतंय का?”

“नाही, सर.”

“अगदी काहीच नाही?”

“नाही.”

सर खुर्चीत मागे रेलले. नीरजाताई कप उचलता उचलता थबकल्या.

“अहो सर, शिकवणारा कुठे बसतो?”

“मागच्या सीटवर. विद्यार्थी पुढे.”

“मग हिचे डोळे तुम्हाला पाठीमागून दिसले?”

“आरशात,” सर म्हणाले.

अपूर्वानं उशीवरून मान उचलली.

“त्या विमानात आरसा नाही, सर. आणि मागच्या सीटवर कोणीच नव्हतं. तुम्ही धावपट्टीवर उभे राहून वायरलेसवर ‘स्टिक ओढ, स्टिक ओढ’ म्हणत होतात. आणि मी तुमचं ऐकलं.”