चाकांवर पाणी

मेकॅनिकने पुढचं चाक उतरवलं आणि आतल्या लोखंडी चकतीवरून बोट फिरवून ते वामनरावांना दाखवलं. बोट तांबडं झालं होतं.

"ब्रेक चांगले आहेत, काका. चकत्यांवर गंज चढलाय, म्हणून ओरडतात. गाडी धुऊन तशीच उभी ठेवता का?"

वामनरावांना गाडी चालवता येत नव्हती. ज्याला येत होती, तो त्यांचा मुलगा गणपतीत तापाचं निमित्त होऊन गेला. तेव्हापासून रोज सकाळी ते त्याची गाडी धूत आणि फडक्याने कोरडी करत. मुलासाठी करण्यासारखं तेवढंच उरलं होतं.

मेकॅनिकने चकत्या घासून लख्ख केल्या आणि गाडी गल्लीतून फिरवून आणली. ब्रेकने हूं की चूं केलं नाही.

"आता पाणी मारू नका," तो जाताना म्हणाला. "मारलंत तर लगेच फिरवून आणा. रात्रभर ओली राहिली, की सकाळी पुन्हा तेच."

"बरं झालं बाई," सून म्हणाली. "मागचं गिऱ्हाईक त्या आवाजाला भिऊन परत गेलं. उद्या सकाळी दुसरं येतंय. बाबा, मला ती गाडी दारात बघवत नाही हो."

त्यांनी मान हलवली. तिचंही खरंच होतं.

दिवेलागणीला सून देवापाशी गेली, तसे ते बादली घेऊन अंगणात उतरले. गाडीच्या टपाला, काचांना त्यांनी हात लावला नाही. एकेका चाकाशी उकिडवे बसून फटींतून आत तांब्या तांब्याने पाणी घातलं.

फडकं आज त्यांनी घरातच ठेवलं होतं.