परत आलेला साबण

साबण परत आला.

साहेबरावनं तो निवृत्तीच्या खाटेवर ठेवला आणि तोंड फिरवून बुटाच्या नाड्या सोडत बसला. साबणाचा कागदसुद्धा फाटला नव्हता. चंदनाचा होता, कँटीनमधून घेतलेला. निवृत्तीनं तो कित्येक महिने पेटीत जपला होता. स्वतः मात्र परात घासावी तसं वाळूनं अंग घासायचा. सगळा तंबू त्याला साबणवाला म्हणायचा.

तंबू वाळवंटात होता. एकाहत्तरची लढाई जिंकून वर्ष होत आलं होतं. वर पुढाऱ्यांच्या बैठका चालल्या होत्या आणि जिंकलेल्या वाळूवर जवान बसले होते. दिवसभर मोर्च्याचे खंदक उपसायचे, रात्रीतून वारा ते पुन्हा भरून टाकायचा. पाणी टँकरनं यायचं. त्याची तक्रार कुणी करावी? निवृत्तीच्या गावाकडं, निलंग्याच्या बाजूला, टँकरचीही खात्री नव्हती. देशाला विजय मिळाला होता आणि दुष्काळी मराठवाड्याला सरकारी कामावरची खडी फोडायला.

पाण्याच्या रांगेत उभा राहिला की निवृत्तीचा हात भुवईवर जायचा. तिथं एक जुना वण होता. शेजारच्या गावच्या पंचशीलेनं दिलेला. ती चिडली की भांडत नसे. वाटेतला खडा उचलून मारायची, आणि तिचा नेम चुकत नसे. पलटणीत भरती व्हायला निघाला तेव्हाही तिनं मारला होता. मग म्हणाली होती, परत ये, दुसरा राखून ठेवलाय.

साहेबराव देगलूरचा. या कंपनीत नवा. बहीण निलंग्यात दिलेली म्हणून रजेत तिकडं जाणार होता. निवृत्तीनं त्याला दोन कामं सांगितली होती : साबण पंचशीलेला द्यायचा आणि आई धुरपताबाईची खबर आणायची.

"सांग की," निवृत्ती म्हणाला.

साहेबरावनं आधी भलतंच सांगितलं. रस्त्याकडेला पडलेली जनावरं सांगितली. एक पुढारी खडीवर येऊन नवा जिल्हा देतो म्हणाला, तर एक म्हातारी म्हणाली, जिल्हा राहू दे बाबा, आधी घागर भरून दे. तंबूतले हसले. निवृत्ती हसला नाही. मग साहेबराव मुद्द्यावर आला. पंचशीलेच्या घराला कुलूप होतं. आईबाप पोट भरायला मुंबईला गेले होते. पोरगी गेली नव्हती. शेजारणीनं खडीचं ठिकाण सांगितलं. साहेबराव तिथं गेला, निवृत्तीनं सांगितलेल्या हनुवटीवरच्या तिळावरून तिला ओळखलं. हाताला चिंध्या बांधून ती दगड फोडत होती. तिथला मुकादम हरामखोर होता. बिनलग्नाची पोर दिसली की हजेरीच्या नावाखाली तिला छपरात बोलवायचा. लग्न झालेलीच्या वाटेला जात नसे, कारण नवऱ्याच्या कुऱ्हाडीला भ्यायचा.

"मग साबण का न्हाई दिलास?"

साहेबराव सुटलेलीच नाडी सोडत राहिला. "तिच्या गळ्यात काळी पोत हाय, निवृत्ती. दुसऱ्याच्या बायकोला साबण कसा द्यावा?"

निवृत्ती उठला. साबण उचलून बाहेर गेला. भालकीकडचा गुरुलिंग रजेसाठी महिनाभर त्याच्या मागं लागला होता, गावच्या जत्रेला जायचं म्हणून. पुढची रजा निवृत्तीची होती. निवृत्तीनं हवालदारासमोर ती त्याला देऊन टाकली. साबणही दिला. मला आता गावाकडं काही काम राहिलं न्हाई, म्हणाला. गुरुलिंगाला काय झालं ते कळलं नाही, पण फुकटचं कोण सोडतो? तो साबण घेऊन गाणं म्हणत टँकरकडं गेला.

निवृत्ती परत येऊन खाटेवर पालथा पडला. पोरीनं चांगलंच केलं, असं तो स्वतःला बजावत होता. लग्न झालं म्हणून मुकादमापासून तरी वाचली. आपण इथं वाळू राखत बसलो, तिनं किती दिवस दगड फोडत वाट बघायची? 

साहेबरावनं एक गाठोडं त्याच्या उशाशी ठेवलं. "तुझ्या मायनं दिलंय. खा काहीतरी."

आत लाडू होते. निवृत्तीनं आईसाठी म्हणून एक तोंडात टाकला. गूळ नाही, तेल नाही, नुसती सुकडी, दुष्काळी कामावर वाटतात ते सरकारी पीठ, पाण्यात वळलेली. तो चावत राहिला आणि मध्येच थांबला. सुकडी फक्त खडी फोडणाऱ्यालाच मिळते. आईचा उजवा हात तर लुळा पडून वर्षं झाली.

"मायला सुकडी कुणी दिली?"

"तुझ्या भावजयीनं," साहेबराव म्हणाला. एवढं तरी चांगलं सांगायला मिळालं म्हणून तो खुलला. "मी गेलो तवा ती कामावर होती, भेट न्हाई झाली. म्हातारी सारखी सुनेचंच सांगत होती. सून दिवसभर दगड फोडती, सोता उपाशी ऱ्हाऊन सुकडी पदरात बांधून आणती, हे लाडूबी तिनंच वळले. तुझा भाऊ नशीबवान हाय बघ."

निवृत्ती उठून बसला. "पंचशीला कुठल्या खडीवर होती?"

"तुमच्याच गावच्या तळ्यावर. का रे?"

"साहेबराव," निवृत्ती म्हणाला, "मला भाऊच न्हाई."

साहेबरावच्या हातातला बूट खाली पडला. तो उचलायच्या आत निवृत्ती अनवाणी पळत सुटला होता. टँकरपाशी गुरुलिंग डोळे मिटून उभा होता, डोक्यापासून बेंबीपर्यंत फेसानं पांढराफेक. सगळ्या वाळवंटाला चंदनाचा वास सुटला होता.

"यप्पा, कोण हाय?" गुरुलिंग ओरडला.

"अंगाला लावलास तेवढा तुझा," निवृत्ती धापा टाकत म्हणाला. "उरलेला साबण आन् माझी रजा, दोन्ही दे इकडं."