वीतभर जागा

"कडेचं माणूस जरा आत वळवायचं, नाहीतर ते घराबाहेरचं वाटतं," शेजारी उभ्या असलेल्या फोटोग्राफर सरांनी मला बजावलं. गिऱ्हाइकाच्या घरी आजोबांच्या सहस्रचंद्रदर्शनाला अख्खं कुटुंब फोटोसाठी नटून उभं होतं आणि कॅमेरा पहिल्यांदाच माझ्या हातात होता.

कडेला नातसून होती. मी तिला आत वळवलं, नवऱ्याला अगदी चिकटून उभी केली. लाजून तिने पैठणीचा पदर सारखा केला.

तेवढ्यात तिच्या सासूबाई खुर्चीवरून उठून माझ्यापाशी आल्या. "हिला वीतभर लांब ठेव," त्या माझ्या कानात म्हणाल्या. "लग्नाला इतकी वर्षं झाली, अजून पाळणा हललेला नाही. उद्या हिला फोटोतून कापायची वेळ आली, तर माझ्या मुलाचा खांदा जायला नको."

मी सरांकडे पाहिलं. ते मान खाली घालून लेन्सचं झाकण पुसत राहिले.

"वहिनी, थोडं त्या बाजूला," मी म्हणाले.

ती हसत सरकली. "एवढं पुरे?"

मी मान हलवणार, तोच तिचा नवरा समोर बघतच म्हणाला, "अजून थोडी सरक."