बेचाळीस वाढदिवस

शाळेचा अमृतमहोत्सव तोंडावर आला, पण स्थापनेची तारीख कुणालाच ठाऊक नव्हती; मूळ कागद पुरात गेलेले. मुख्याध्यापिका खरमाटेबाईंनी पंचाहत्तर वर्षांपूर्वीचं पहिलं रजिस्टर उघडलं आणि कपाळाला हात लावला. बेचाळीस मुलं, अन् झाडून सगळ्यांची जन्मतारीख एक जून! त्यांच्या स्वतःच्या आजोबांचीसुद्धा.

"हे प्रदर्शनात मांडायचं कसं? हसतील सगळे," त्या ओशाळून म्हणाल्या.

त्या बेचाळिसांतली एकटी हयात असलेली अनशीआजी समोरच बसली होती. तिनं रजिस्टरातल्या आपल्या नावावर बोट ठेवलं.

"पोर कधी झालं, असं गुरुजींनी आयाबायांना विचारलं. एक म्हणाली, पेरणीच्या वक्ताला. दुसरी म्हणाली, पूल बांधला तवा. मग त्यांनी सगळ्यांना एक जून लावून टाकला. त्याच तारखेवर मी नर्स झाले, तुमचा आजा तलाठी झाला. त्याआधी आम्ही जन्मल्याचं सरकारला ठाऊकच नव्हतं, बाई. आम्ही सगळी त्याच दिवशी जन्मलो. शाळेचा वेगळा दिवस कशाला?"

खरमाटेबाईंनी निमंत्रणपत्रिकेत स्थापनादिनाच्या रिकाम्या जागी एक जून लिहिलं. मग प्रदर्शनाच्या टेबलावर, अगदी मधोमध, तेच पान उघडून ठेवलं.